‘खाली चला’ म्हणणारा मुलगा

हर्णै, जानेवारी
रविवार, रात्री

स्वित्झर्लंडचं सगळं सगळ्यांना सांगून झालं. तळी, गाई, चॉकलेटं, फोटो. युंगफ्राऊच्या, म्हणजे आल्प्समधल्या त्या बर्फाच्या डोंगरावर जायच्या दिवसाबद्दल मात्र कुणाशी धड बोलले नाही. आज लिहून काढते.

इंटरलाकेनहून निघालो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. जानेवारीत तिकडे आठ वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही. पाऊस नाही, बर्फही नाही, असं काहीतरी तिरपं पडत होतं. आम्ही सगळे दापोली, आंजर्ले, हर्णै इथलेच, बहुतेक साठी ओलांडलेले. आमची थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक शाल. टूर मॅनेजर चिपळूणकडचा, पंचविशीतला पोरगा. त्याने आदल्या रात्रीच सांगितलं होतं की उद्या हवा वाईट आहे. पण कंपनीने सहलीत एकही मोकळा दिवस ठेवला नव्हता, त्यामुळे जायचं तर उद्याच.

पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावात कळलं, वाऱ्यामुळे आयगर एक्सप्रेस बंद. ही गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे, २०२० मध्ये सुरू झाली, थेट आयगर डोंगराच्या हिमनदीजवळ नेते. वारा वाढला की ती थांबवतात, त्यात कुणाचं चालत नाही. मग दातेरी रुळांच्या जुन्या गाडीने क्लायने शायडेकला गेलो. उंची २०६१ मीटर. तिथून आयगरचा कडा समोर दिसतो म्हणतात. आम्हाला फलाटाचं दुसरं टोकही दिसत नव्हतं. पारा उणे बारा, आणि त्या वाऱ्यात अंगाला लागणारी थंडी त्याच्या दुप्पट. नानींचे हातमोजे आधीच भिजलेले. खिशातली आंबापोळी इतकी कडक झाली की दात लागेना.

इथून वर युंगफ्राऊला जाणारी गाडी सुटते. ९ किलोमीटरचा मार्ग, त्यातला ७ किलोमीटर डोंगराच्या पोटातला बोगदा. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ च्या १ ऑगस्टला गाडी ३४५४ मीटरवर पोचली. ज्या गुयर-त्सेलरने हे स्वप्न पाहिलं, तो १८९९ मध्येच वारला. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं, आणि ते पाहायची ओढ मलाही इतरांइतकीच होती.

पोरगा स्टेशनातल्या माणसाशी बोलून आला आणि म्हणाला, “वर जायला नको. वर काही दिसत नाहीये, वारा वाढतोय, खालच्या गाड्याही थांबतील कदाचित. आपण ग्रिंडेलवाल्डला उतरू.”

जो कालवा झाला तो अजून कानात आहे. पैसे भरलेत आम्ही. पुन्हा येणार आहोत का या जन्मी? तुझ्या साहेबांना फोन लाव. एकाने त्याला ‘कालचं पोर’ म्हटलं, तोंडावर. तो मान खाली घालून ऐकत होता, पण आपला शब्द त्याने मागे घेतला नाही. आमच्यात एक काका अँजिओप्लास्टी झालेले, नानींना दमा. समुद्राकाठी जन्म काढलेली आम्ही माणसं. युंगफ्राऊवर हवेचा दाब इथल्या जेमतेम दोन-तृतीयांश. त्याला ही सगळी काळजी होती, आणि ज्यांच्यासाठी होती तेच त्याच्यावर ओरडत होते.

अप्पा तोवर गप्प बसले होते. अप्पांनी उभा जन्म तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, म्हणून काढला. ते उठले, पोराला इतकंच विचारलं, “खाली जाणारी गाडी किती वाजता?” त्याने वेळ सांगितली. अप्पांनी पिशवी उचलली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग नानी उठल्या. मग मी. मग हळूहळू बाकीचे.

आपल्या बंदरावर वादळी वाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या परत फिरतात. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, सगळा खर्च अंगावर पडतो; तरी ‘पैसे भरलेत’ असं समुद्राला कुणी ऐकवत नाही. तांडेल म्हणाला परत, की परत. हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसांनी परदेशात एका पोराचं ऐकू नये याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तिघे मात्र हट्टाने वर गेलेच. आम्ही ग्रिंडेलवाल्डला बसलो, कॉफी घेतली, नानींची बोटं चोळली, पुन्हा कॉफी घेतली. उतरताना मध्येच गाडी अडकली, म्हणून ते तिघे फार उशिरा आले. तिकडे बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असतात, त्यामुळे तो सारखं घड्याळ बघत होता. पोरगा फलाटावरच उभा होता, बर्फात, त्यांची वाट बघत. आत येऊन बस म्हटलं तर म्हणाला, “मावशी, ते आले की बसतो.” तिघांना वर काचेपलीकडे नुसतं पांढरं दिसलं होतं. त्यातल्या एकांना उलट्या झाल्या होत्या. परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. पोराने मात्र त्यांच्यासाठी थर्मासमधून गरम पाणी आणून दिलं.

आता व्हॉट्सअॅपवर त्याच तिघांनी तक्रारीचा मसुदा टाकलाय. टूर मॅनेजरने मनमानी करून सहलीचा मुख्य दिवस वाया घालवला, असं. खाली सह्यांसाठी नावं मागितलीत आणि काहींनी दिलीही. ती वाचून मला दुपारपासून जेवण गोड लागलं नाही. या पोराची नोकरी आहे ती, घरी म्हातारे आईबाप असतील.

मी वेगळं पत्र लिहायला घेतलंय. त्यात वारा, उंची, नानींचा दमा, बंद गोंडोला, सगळं क्रमाने लिहिलंय, आणि त्याने आम्हाला सुखरूप खाली आणलं हेही. मोकळा दिवस न ठेवण्याबद्दल कंपनीला दोन ओळी सुनावल्यात. अप्पांना फोन केला तर म्हणाले, “लिही, मी सही करतो, पण आधी वाचून दाखव.” उद्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आटोपल्यावर त्यांच्याकडे जायचंय, वाटेत नानींकडेही.