तबकडीच्या प्रतीक्षेत तेरा महिने

आमच्या डेथ मेटल, म्हणजे खर्जातल्या गुरगुराटी गायनाच्या कर्कश रॉक प्रकारातल्या, बँडच्या पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग मिळून पाच महिन्यांत झाले. त्याच्या ३०० तबकड्या छापून हाती यायला मात्र तेरा महिने लागले. एप्रिल २०२१ मध्ये नोंदवलेली मागणी मे २०२२ मध्ये पुरी झाली. त्यामुळे या अल्बमविषयी कोणी कौतुकाने विचारले की माझ्या तोंडून आधी संगीताऐवजी आमच्या तबकड्या छापून आणणाऱ्या मध्यस्थ कंपनीचेच पुराण बाहेर पडते. ते एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा प्रपंच.

मी मूळची पुण्याची. नोकरीच्या निमित्ताने स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आले आणि चार स्वीडिश मित्रांबरोबर बँडमध्ये रिदम गिटार वाजवू लागले. अ‍ॅट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि इन फ्लेम्स या बँडमुळे या शहराची ओळख सुरेल डेथ मेटलचे गाव अशी आहे. आम्हा पाचही जणांना मात्र त्याआधीचा, स्टॉकहोमचा आवाज हवा होता. तिथल्या एन्टूम्बड या बँडने १९९० मध्ये आणि डिस्मेम्बरने १९९१ मध्ये सनलाइट स्टुडिओत टोमास स्कूग्सबेरी या ध्वनिमुद्रणकाराकडून काढून घेतलेला, लाकडात करवत फिरावी तसा तो गिटारचा खरखरीत आवाज. गोथेनबर्गमध्ये राहून त्याचा हट्ट धरणे म्हणजे कोल्हापुरात खानावळ काढून सावजी रस्सा वाढण्यासारखे आहे, हे आम्हाला ठाऊक होते. त्या आवाजाचे गुपित बॉस कंपनीच्या एचएम-२ या पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या छोट्या यंत्रात आहे. ते १९८३ ते १९९१ या काळात बनत असे. त्याचे सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवायचे, एवढीच त्याची कृती. आम्ही एक जुने पेडल खटपट करून मिळवले, आणि २०२१ मध्ये कंपनीने त्याची नवी आवृत्ती बाजारात आणली. आता नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जुन्याच्या मागे धावू नये, असे माझे मत आहे. आमचा मुख्य गिटारवादक ते मान्य करत नाही.

सरावाची खोली, जिला इथे ‘रेपलोकाल’ म्हणतात, ती आम्हाला एका लोकशिक्षण संस्थेमार्फत स्वस्तात मिळाली होती. स्वीडनमध्ये अशा संस्था अनुदानावर चालतात आणि बँडचा सराव त्यांच्या दप्तरी ‘अभ्यासमंडळ’ म्हणून नोंदवला जातो. दर सरावानंतर आमचा ड्रमर इमानदारीने हजेरीपत्रक भरत असे. प्रेते, प्लेग आणि नरक यांवर तीन तास किंचाळून झाल्यावर हजेरी लावताना मला शाळेची आठवण होई. नोव्हेंबर २०२० मध्ये करोनामुळे सार्वजनिक कार्यक्रमांना आठच माणसांची मर्यादा आली, तेव्हा कार्यक्रम बंदच असल्यामुळे आम्ही मिळालेला वेळ ध्वनिमुद्रणात घातला. ड्रम्स दोन दिवसांत एका स्टुडिओत झाले, गिटार आणि बेस खोलीतच शनिवार-रविवारी वाजवले, आणि गायकाने त्याचा गुरगुराट चार संध्याकाळी पुरा केला. नऊ गाणी, ३८ मिनिटे. या टप्प्याविषयी सांगण्यासारखे एवढेच.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. छापखान्यांशी थेट बोलण्याइतकी आमची मागणी मोठी नव्हती, म्हणून आम्ही एका मध्यस्थ कंपनीमार्फत गेलो. तिने १६ आठवडे सांगितले. आम्ही त्यावर विश्वास ठेवला, सप्टेंबरची प्रकाशनाची तारीख जाहीर केली, पोस्टरे छापली, टी-शर्ट करून घेतले. ही आमची सर्वांत मोठी चूक, आणि ती आमची स्वतःची होती, हे मी रागाच्या भरातही विसरत नाही. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे पसंतीसाठी येणाऱ्या चाचणी-प्रती, हातात पडून त्या ऐकून होईपर्यंत तारीख जाहीर करू नये.

उशीर होण्यामागे कारणे होती, आणि ती आम्हाला आधी समजायला हवी होती. तबकडी छापण्यासाठी प्रथम अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवरील मऊ लेपात आवाजाचे चर कोरतात आणि मग तिच्यावर निकेल चढवून छापण्याचे साचे काढतात. त्या लेपाच्या चकत्या जगात दोनच ठिकाणी बनत होत्या. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळून खाक झाला, आणि उरला तो जपानमधला एक. थेट तांब्यावर कोरण्याची दुसरी पद्धत आहे, पण तिची यंत्रे मोजकीच. त्यातच घरी बसलेल्या जगाला तबकड्यांचे वेड लागले होते. त्या शरद ऋतूत गायिका अ‍ॅडेलच्या नव्या अल्बमच्या पाच लाखांवर तबकड्या छापल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. आमच्या ३०० प्रती त्या रांगेत कुठे उभ्या असतील, याची कल्पना करून आमचा बेसवादक बराच वेळ हसला होता. मला हसू आले नाही.

हे सारे मला वर्तमानपत्रांतून कळले, मध्यस्थाकडून नव्हे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आमच्या मागणीपुढे ‘काम सुरू आहे’ असे तीनच शब्दांचे उत्तर जून, जुलै, ऑगस्ट असे तिन्ही महिने झळकत राहिले. जुलैत तर निम्मा स्वीडन सुट्टीवर असतो आणि पत्राला उत्तर म्हणून सुट्टीची सूचनाच परत येते. ऑगस्टच्या अखेरीस एका ओळीचे पत्र आले की चाचणी-प्रतींना ‘आणखी काही आठवडे’ लागतील. सप्टेंबरची तारीख आम्ही पाळली आणि अल्बम ऑनलाइन प्रसिद्ध केला. २९ सप्टेंबरला इथले बहुतेक निर्बंध उठले, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रकाशनाचा कार्यक्रमही झाला. लोक आले, डोकी आपटून नाचले, विक्रीच्या टेबलाशी आले आणि तबकडी कुठे आहे म्हणून विचारू लागले. टेबलावर टी-शर्ट होते. मी त्या रात्री किमान चाळीस जणांना ‘येते आहे’ असे सांगितले असेल.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पाच चाचणी-प्रती आल्या, कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत. सोबत सूचना होती की सात दिवसांत हरकत न कळवल्यास प्रती मान्य आहेत असे समजले जाईल. ज्यांनी सहा महिने घेतले, त्यांनी आम्हाला सात दिवस दिले होते.

पहिली बाजू उत्तम होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मात्र झांजा तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशा चरचरत होत्या आणि गायकाचा आवाज फाटत होता. ते गाणे अल्बममधले सर्वांत वेगवान आणि सर्वांत भरगच्च. ऐकता ऐकता मला पुण्याच्या घरातले आजोबा आठवले. नाट्यगीतांच्या त्यांच्या लाँग प्ले तबकड्यांवर शेवटच्या पदाला आवाज नेहमी फाटे आणि ते सुईला शिव्या देत. सुईचा बिचारीचा तेवढा दोष नव्हता. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जेवढा चर सरकतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी आतल्या टोकाशी सरकतो. तेवढ्याच वेळाचा आवाज तिथे दाटीवाटीने कोरलेला असतो, आणि तीव्र, म्हणजे उंच पट्टीचे, स्वर त्या दाटीत पहिल्यांदा चिरडतात. एचएम-२ चा आवाज तर तीव्र खरखरीवरच जगतो. म्हणून वेगवान गाणी बाहेरच्या कडेला आणि संथ, अवजड गाणी आतल्या टोकाला ठेवायची, हे तबकडीचे जुने शहाणपण. आम्ही ऑनलाइन ऐकणाऱ्यांचा विचार करून शेवट धडाक्यात केला होता.

हरकत नोंदवण्याचा अर्ज भरण्यात दोन संध्याकाळी गेल्या. दोष नेमका कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आहे, तो पाचांपैकी किती प्रतींवर त्याच जागी येतो, कोणत्या यंत्रावर ऐकले, सुई कोणती, हे सगळे लिहावे लागते. एकाच प्रतीवर दोष असेल तर तो त्या प्रतीपुरता मानतात. सगळ्या प्रतींवर असेल तरच तो कोरण्यातला किंवा मूळ ध्वनिफितीतला धरतात. बेसवादकाच्या वडिलांचे चांगले यंत्र आणि माझे साधे, अशा दोन्हींवर पाचही प्रती ऐकून आम्ही तक्ता केला. कृपा करून हा तक्ता प्रती आल्याच्या दिवशीच करायला घ्यावा. सात दिवस कसे जातात ते कळत नाही.

उत्तर आले ते असे, की दोष आमच्या मास्टरमधला, म्हणजे छपाईसाठी पाठवलेल्या अंतिम ध्वनिप्रतीतला आहे, पुन्हा कोरण्याचा खर्च आमचा. सात दिवसांच्या मुदतीसाठी धावाधाव करून घेतल्यावर हे ऐकून माझा पारा चढला, पण वाचून पाहिले तर ते खरेच होते. डिजिटलसाठी केलेलेच मास्टर आम्ही तबकडीसाठी पाठवले होते. तबकडीचे मास्टर वेगळे करतात. खर्जातला आवाज डाव्या-उजव्या बाजूंना न पसरवता मध्यभागी एकवटतात, नाही तर सुई उडी मारते. आणि आवाजाची पातळी ठोकून सपाट केलेली नसते. मध्यस्थाच्या माणसाने एप्रिलमध्ये फाइल तपासून ‘ठीक आहे’ असा शेरा दिला होता, हे मी पत्रात ठळक अक्षरांत लिहिले. त्यावर उत्तर आले नाही.

मग आम्ही नवे मास्टर केले आणि शेवटच्या गाण्याची जागा बदलली. वाटले, संपले. पण गाण्यांचा क्रम बदलला म्हणजे मागचे आवरण बदलले, तबकडीवरचे गोल लेबल बदलले आणि गीतांच्या हक्कांच्या परवान्यासाठी दिलेली गाण्यांची यादीही बदलली. गाणी आमचीच असली तरी छापखाना परवान्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. परवाना चार दिवसांत दुरुस्त होऊन मिळाला. मध्यस्थाने मात्र आवरणाचा नवा आराखडा दोनदा परत पाठवला, एकदा कण्याची, म्हणजे आवरणाच्या बंद कडेची, जाडी तीन मिलिमीटर हवी म्हणून आणि एकदा तीच जाडी आम्ही तीन मिलिमीटर ठेवली म्हणून. दुसरे पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

दुसऱ्या चाचणी-प्रती जानेवारीत आल्या. त्या ऐकताना खोलीत कोणी बोलत नव्हते. शेवटचे, संथ गाणे शेवटच्या चरापर्यंत स्वच्छ वाजले आणि सुई कोऱ्या पट्ट्यात जाऊन खटखटू लागली, तेव्हा आमचा एरवी हूं की चूं न करणारा ड्रमर उठून मला मिठी मारून गेला. ही तबकडी मी आजोबांना ऐकवू शकले नाही, याचे त्या क्षणी वाईट वाटले. त्यांनी ती अर्ध्या मिनिटात बंद केली असती, हे खरे असले तरी.

मे महिन्यात प्रत्येकी २५ तबकड्यांची बारा खोकी तळघरातल्या खोलीच्या दारात येऊन पडली. ऑनलाइन अल्बमचा क्रम एक आणि तबकडीचा दुसरा झाल्यामुळे त्यांतला खरा कोणता, असे श्रोते अजून विचारतात. मंचावर आम्ही तबकडीचाच क्रम वाजवतो. ३०० पैकी ४१ प्रती अद्याप शिल्लक आहेत, आणि त्यांतल्या सहा वाकल्या आहेत, कारण पहिल्या उन्हाळ्यात आम्ही ती खोकी आडवी रचून ठेवली होती. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात.