शंकांच्या क्रमाने लावलेली फाईल : सांगली ते वांद्रे-कुर्ला संकुल

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीहून निघून मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी दादरला उतरले, तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि दोन इंच जाडीची एक फाईल होती. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातील ही मुलाखत जोडीदाराच्या स्थलांतर व्हिसासाठी होती. माझा आणि माझ्या पतींचा, दोघांचाही हा दुसरा विवाह. तो घरातल्या चौदा माणसांच्या साक्षीने झाला आणि त्यानंतर आम्ही एका छताखाली राहिलो ते जेमतेम पाच आठवडे. असे लग्न केवळ कागदावरचे असावे, अशी शंका परक्या माणसाला आली तर त्यात नवल नव्हते. ती तशी आलीही होती: मला अमेरिकेत बोलावून घेण्यासाठी पतींनी भरलेल्या आय-130 या अर्जावर अधिक पुरावे मागणारे पत्र, ज्याला सगळे आरएफई म्हणतात, त्यांच्या हाती पडले होते.

या पत्राला उत्तर देण्याची मुदत जास्तीत जास्त 84 दिवसांची असते आणि ती वाढवून मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व पुरावे एकाच वेळी पाठवावे लागतात. अर्धे आज आणि उरलेले पुढच्या महिन्यात असे केल्यास पहिल्या पाकिटावरच निर्णय होऊ शकतो. हे कळण्यापूर्वी आम्ही घाबरून व्हॉट्सॲपवरील संभाषणाची सहाशे पाने छापून ठेवली होती. न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केलेल्या माझ्या मामांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि कागदांना हात लावण्याआधी अधिकाऱ्याला कोणत्या शंका येतील, त्या कोऱ्या कागदावर लिहून काढायला सांगितले. त्या चार निघाल्या: लग्न इतके लहान का, दूर राहूनही संसार चालू आहे हे कशावरून, आधीचे विवाह कायद्याने संपले आहेत का, आणि कागदांवर दिसणारी तीन नावे एकाच बाईची आहेत का. फाईलचे चार भाग तेथेच ठरले.

चौथ्या शंकेला सर्वाधिक वेळ लागला आणि आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना तो लागेल. जन्मदाखल्यावर व शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, बँकेत पहिल्या सासरचे, पासपोर्टवर आताचे. त्यात आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. राजपत्रातील नावबदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मी एकामागे एक लावली आणि सर्वांत वर एक पानी तक्ता ठेवला: कोणते नाव, कोणत्या काळात, कोणत्या कागदावर. नकलेसाठी न्यायालयात तीन खेपा झाल्या, म्हणून तिचा अर्ज सर्वांत आधी करावा. मराठी कागदांच्या इंग्रजी भाषांतरासोबत, भाषांतर अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन हवे.

लग्न लहान का, हे लपवण्याऐवजी आम्ही स्वतःहून लिहिले. उपस्थितांपैकी चौघांनी प्रतिज्ञापत्रे दिली. त्यांत प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि त्याला आमच्याबद्दलची माहिती कशी आहे, हे तपशिलाने यावे लागते. ‘दोघे सुखी आहेत’ एवढ्या एका वाक्याला माझ्या मते काहीच वजन नाही. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझे पती रजा काढून आले आणि रात्री दवाखान्यात बसले, हे शेजारच्या काकूंनी लिहिले, त्याला आहे. त्या प्रतिज्ञापत्रामागेच पतींच्या पासपोर्टवरील शिक्क्याची प्रत आणि दवाखान्याचे बिल लावले. सहाशे पानांतून दर महिन्याची दोन अशी निवडक पानेच ठेवली. छायाचित्रांखाली तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहिली. बँकेच्या उताऱ्यांवर पैसे पाठवल्याच्या नोंदी खुणावल्या. प्रत्येक पानाला क्रमांक आणि सुरुवातीला अनुक्रमणिका होती.

अर्ज मंजूर होऊन प्रकरण मुंबईला आले, तेव्हा हीच फाईल मूळ कागदांसह घेऊन मी गेले. रात्रीच्या गाडीने येऊन त्याच सकाळी मुलाखतीला जाण्याचा धोका पत्करू नये. आदल्या दिवशी वांद्रे किंवा कुर्ल्याजवळ मुक्काम करावा. आत मोबाइल नेता येत नाही आणि सोबतच्या माणसालाही बाहेरच थांबावे लागते, म्हणून तो माझ्या भावाकडे दिला. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच आणि मुलाखतीपूर्वी व्हावी लागते.

शपथ झाल्यावर अधिकारी बाईंनी लग्नाला एवढीच माणसे का, हे विचारले. मी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पहिला भाग उघडून काचेखालून सरकवला. त्यांनी काकूंचे प्रतिज्ञापत्र वाचले, नावांचा तक्ता पाहिला आणि व्हिसा लावण्यासाठी पासपोर्ट ठेवून घेतला.

अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला 2 वर्षे झालेली नसल्यास ग्रीन कार्ड सशर्त आणि 2 वर्षांचेच मिळते. ती अट काढण्याचा आय-751 हा अर्ज कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या 90 दिवसांत करावा लागतो आणि त्यातही हेच पुरावे द्यावे लागतात. आमच्या दोघांच्या नावाचा भाडेकरार मी परवाच दुसऱ्या भागात लावला.