वाखाउ: किल्ला, द्राक्षमळे आणि बिनइंजिनाची बोट

व्हिएन्नाहून वाखाउला, म्हणजे ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबच्या खोऱ्यात, जाणारे सगळे मेल्कचा मठ आणि डॅन्यूबमधली बोटीची सफर सांगतात. आम्ही दोन्ही गाळलं. क्रेम्स ते मेल्क हा तीस-पस्तीस किलोमीटरचा पट्टा २००० सालापासून जागतिक वारसा आहे, पण तो एका दिवसात उरकायचा म्हणजे नुसती पळापळ. क्रेम्सला ट्रेनने जाऊन बसने ड्युर्नश्टाइन गाठलं.

गाव देखणं आहे, निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याचं. पण गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही, आणि दर दुसऱ्या दुकानात जर्दाळूचा जॅम! सरळ वरच्या पडक्या किल्ल्याकडे निघालो. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ च्या अखेरीस ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड याने पकडून इथेच डांबलं. धर्मयुद्धात जिंकलेल्या एकर शहरावरचं लिओपोल्डचं निशाण रिचर्डच्या लोकांनी उतरवून फेकलं, हा जुना राग. पुढे खंडणीतल्या वाट्यातून लिओपोल्डने व्हिएन्नाचा तट वाढवला म्हणतात. ‘‘म्हणजे सूडही आणि बजेटही,’’ हा, म्हणजे माझा नवरा, म्हणाला.

तिथून वाइसेनकिर्शेनपर्यंत मळ्यांमधून चालत गेलो आणि दिवसाचा खरा आनंद तिथेच मिळाला. उभ्या चढावर एकावर एक ताली, त्यांना चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती. अगदी आपल्या कोकणातला गडगा. हात लावला तर दगड चांगलाच तापलेला. दिवसा साठवलेली ऊब हे दगड रात्री वेलींना देतात. या भिंतींवर ऊन खात पडणाऱ्या हिरव्या सरड्यांवरून इथल्या सगळ्यात दमदार वाइनला ‘स्माराग्ड’ म्हणतात. सगळ्यात हलकी ती श्टाइनफेडर, मधली फेडरश्पील. यंत्र चढत नाही अशा उतारावर सगळी तोडणी हातानेच होते. एवढं बघितल्यावर बाटलीची किंमत जरा कमी टोचते.

गावात एका दारावर डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली. म्हणजे होयरिगर, शेतकऱ्याचं घरच्या वाइनचं दुकान, उघडं आहे. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना घरची वाइन घरीच विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. अंगणातल्या बाकावर बसून मी ग्र्युनर व्हेल्टलिनर ही इथली पांढरी वाइन मागवली. आंबटसर, शेवटी किंचित मिरीचा झटका. हा पीत नाही, त्याला द्राक्षरस. सोबत पाव आणि पाप्रिका घातलेलं चीज. शाकाहारी माणसाने त्यापलीकडे फार आशा धरू नये.

मग फेरीबोट. नदीवर आडवी तार, तारेला दोराने अडकवलेली बोट, आणि इंजिनच नाही! चालक सुकाणू तिरकं धरतो, प्रवाह बोटीला रेटतो, तार तिला वाहून जाऊ देत नाही. उरते ती फक्त आडवी चाल. ह्याचा मेकॅनिकल इंजिनिअर जागा झाला. डोळे त्या तारेवरच्या कप्पीवर खिळलेले. मी फोटोसाठी हाका मारत होते, ऐकतोय कोण?

पलीकडे सेंट लोरेन्झला बघण्यासारखं फार काही नाही. त्याच बोटीने परत आलो. मग ह्याच्या हट्टापायी पुन्हा एकदा गेलो.