‘यातून काय शिकलात?’ हे मी का विचारत नाही

मूल्यशिक्षणाच्या तासाला सिनेमा दाखवते म्हटलं की पालक आणि सहकारी शिक्षक मला हमखास एक गोष्ट विचारतात: शेवटी तात्पर्य का काढून घेत नाही? मुलं काय शिकली हे कळायला नको? म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी मीही तात्पर्य विचारायचे. ‘भांडू नये’, ‘मिळून मिसळून राहावं’ अशी सुरेख उत्तरं यायची, आणि घंटा झाली की दारातच ढकलाढकली. मला काय ऐकायचंय, ते मुलांनी अचूक ओळखलं होतं. सिनेमा त्यांनी पाहिला होता का, हा प्रश्नच होता.

दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींनी १९७५ मध्ये इराणच्या ‘कानून’ या मुला-किशोरांसाठीच्या सरकारी संस्थेत एक फिल्म केली. नावाचा अर्थ ‘एका प्रश्नाची दोन उत्तरं’. जेमतेम पाच मिनिटांची. एक मुलगा मित्राची वही परत करतो, ती फाटलेली असते. पहिल्या उत्तरात याने त्याचं काही मोडायचं, त्याने याचं, असं करत प्रकरण हाणामारीवर जातं. दुसऱ्यात वही चिकटवली जाते, मैत्री टिकते.

मारामारी सुरू झाली की वर्ग खदखदून हसतो. मी हसू देते. मग फिल्म तिथेच थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावते आणि एवढंच विचारते, “काय दिसलं?” एकदा एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, वही कशी फाटली ते त्याने विचारलंच नाही.” हे माझ्या टिपणात नव्हतं. इतक्यांदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मुलांनीच सांगितलं, थांबून विचारता आलं असतं अशा जागा कुठे कुठे होत्या, आणि त्या बघायला आम्ही तिसऱ्यांदा फिल्म लावली.

त्यांचीच १९७९ ची दुसरी फिल्म याहून अवघड आहे. शिक्षक फळ्याकडे वळले की मागून ठकठक आवाज येतो. दोषी कोण ते कुणी सांगत नाही, म्हणून सात मुलांना वर्गाबाहेर काढतात. एका प्रसंगात एक जण नाव सांगून आत येतो, दुसऱ्यात सगळे गप्प राहून शिक्षा भोगतात. बरोबर कोण? किआरोस्तामींनी हे पालकांना, मान्यवरांना दाखवून त्यांची मतंही फिल्ममध्येच ठेवली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पुस्तकात ‘सत्य’ एका धड्यात असतं, ‘मैत्री’ दुसऱ्या धड्यात. इथे दोन्ही एकाच बाकावर बसलेली असतात. माझ्या मते मूल्यशिक्षण सुरू होतं ते इथे.

सिनेमा मुळातच चांगलं शिकवतो असं मात्र मी मानत नाही. ज्यूंविषयी द्वेष पसरवायला नाझींनी १९४० मध्ये ‘यूद ज्यूस’ काढला आणि ‘एसएस’ या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने आपल्या दलाला व पोलिसांना तो पाहण्याचा हुकूम दिला. आज जर्मनीत तोच चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर आधी जाणकाराची प्रस्तावना आणि नंतर चर्चा सक्तीची आहे. अंधारात एकट्याने गिळलेलं दृश्य आणि दिवे लावून दहा जणांत तपासलेलं दृश्य, यांत इतका फरक पडतो. म्हणून चाळीस मिनिटांच्या तासात मी दहाच मिनिटं पडद्याला देते.

गेल्या खेपेला सात मुलांवरून वर्गात दोन तट पडले. एक मुलगी तावातावाने म्हणाली, “पण नाव सांगणारा खोटं कुठे बोलला?” दुसरी म्हणाली, “खोटं नाही, पण उद्या त्याच्याजवळ बसणार कोण?” पहिली जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी बसेन.” घंटा झाली तरी कुणी उठलं नव्हतं.