सित्तमपुंडी: चांद्रयानवाल्या दगडाच्या गावाला जाऊन आलो

आधीच सांगतो, सित्तमपुंडीला टुरिस्ट म्हणून बघण्यासारखं काही नाहीये. व्ह्यू पॉइंट नाही, तिकीट नाही, तमिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातली साधी शेतं, नारळ, टॅपिओका आणि मधेमधे उघडा पडलेला कातळ, बस. पण दगडांचं वेड असेल तर जाच, कारण इथला अनॉर्थोसाइट, म्हणजे पांढरट जातीचा दगड, साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि इस्रोने लँडर-रोव्हरच्या चाचण्यांसाठी चंद्राची नकली माती बनवली ती ह्याच दगडाची. सित्तमपुंडी आणि जवळच्या कुन्नमलैचा दगड उचलला, सेलमकडच्या क्रशरवर बारीक केला आणि बेंगळुरूला नेला. अमेरिकेतून तसली माती आणायची तर किलोमागे पैसे मोजायचे आणि लागणार होती टनावारी, म्हणून मग आपल्याच देशात शोध घेतला, त्यात सेलमच्या पेरियार विद्यापीठातले भूशास्त्रज्ञही होते.

आता हाच दगड का, तर हे समजून गेलात तरच तिथे मजा येते. आपण सगळे बेसॉल्टवाले, लहानपणापासून सह्याद्रीत काळाच कातळ बघितलेला. चांदोबावरचा ससा, म्हणजे ते काळे डाग, तो बेसॉल्टच आहे, लाव्हा पसरून थिजलेला. उरलेला उजळ भाग मुख्यतः अनॉर्थोसाइटचा. चंद्र नवा असताना वरचा थर वितळलेला होता, त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाच्या पांढरट खनिजाचे हलके स्फटिक वर तरंगले आणि त्यांचं कवच झालं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा लँडर विक्रम उतरला तिथे त्याच्या प्रज्ञान रोव्हरच्या यंत्राने माती तपासली तर ती पण अनॉर्थोसाइटच्याच जातीची निघाली. म्हणजे चंद्राचा काळा भाग आपल्या दारात आणि पांढरा नामक्कलला.

पण बातम्यांमध्ये "हुबेहूब चंद्राची माती" वगैरे येतं ते जरा जास्तच होतं हं. इथला दगड जमिनीखाली खोल घुसलेल्या मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, थराथराने साठलेला, नंतर प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली भाजलेला आणि घड्या पडलेला. शिवाय ह्यात हॉर्नब्लेंड नावाचं काळं खनिज आहे, आणि हॉर्नब्लेंडच्या रचनेत पाणी असतं. चंद्रावरचा अनॉर्थोसाइट पार कोरडा. ग्रीनलंडच्या फिस्कनेसेटला असाच जुना दगड आहे, खरं भावंड ते. फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम भरपूर असणं हे मात्र चंद्राशी मस्त जुळतं आणि इस्रोला कामाचं तेच होतं.

प्रत्यक्षात काय दिसतं? उन्हापावसाने मळकट राखाडी झालेला पृष्ठभाग, त्याच्याकडे बघून निराश होऊ नका. ताजा फुटलेला तुकडा बघा, विहीर खणून बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात नाहीतर शेताच्या बांधावर सापडतो, खडीसाखरेसारखा पांढरा आणि त्यात हॉर्नब्लेंडचे काळे ठिपके. काही ठिकाणी ठिपके एका रेषेत येतात, काही ठिकाणी काळे-पांढरे पट्टेच. करुंगलपट्टीच्या बाजूला क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचे, काळे जड थर आहेत, हातात घेतल्यावर वजनानेच कळतं. ह्या पट्ट्यात कोरंडमही मिळतं, माणिक ज्या खनिजाचं असतं तेच, पण इथलं बहुतेक रत्न म्हणून विकण्यासारखं नसतं, त्यामुळे कोणी "रुबी" म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ पुढे चला. भिंग न्याच, दहापट मोठं दिसणारं साधं चालतं.

जायचं कसं: पुण्या-मुंबईहून कोईमतूरच्या गाडीने सेलमला उतरा, तिथून टॅक्सी. तिरुचेंगोड आणि परमती वेलूर ह्यांच्या मधल्या भागात शोधायचं. मॅपवर नुसतं "वेलूर" टाकू नका, तो तुम्हाला वेल्लोरला नेईल, पूर्ण वेगळं शहर आहे ते. मुक्काम नामक्कलला केलेला बरा. ड्रायव्हर तमिळ बोलणारा हवाच हवा, कारण जवळजवळ सगळा खडक कुणाच्या ना कुणाच्या शेतात आहे, विचारल्याशिवाय आत शिरू नका, विचारलं तर लोक हौसेने दाखवतात. हातोडा घरीच ठेवा, पडलेले तुकडे बघायला पुरतात. जुन्या खड्ड्यांच्या कडेला जाऊ नका, कडा ढासळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे परतीचा मान्सून आणि एप्रिल-मे मध्ये तर कातळावर उभं राहवत नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, तिरप्या उन्हात पट्टे नीट दिसतात, दुपारी पांढऱ्या दगडावरून डोळे दिपतात.

रस्त्यात साबुदाण्याचे कारखाने लागतात, आपल्या एकादशीचा बराचसा साबुदाणा ह्याच सेलम-नामक्कल पट्ट्यातून येतो, शेतातला टॅपिओका त्याचसाठी. तिरुचेंगोडला बोअरवेलच्या गाड्याच गाड्या, नंबर टीएन ३४, मराठवाड्यात उन्हाळ्यात बघितल्या असतील. तिथे डोंगरावर अर्धनारीश्वराचं देऊळ आहे, वेळ असेल तर करा. नामक्कलचा किल्ला एकाच अवाढव्य खडकावर आहे, पायऱ्या खडकातच कोरल्यात, संध्याकाळी चढा. हा खडक अनॉर्थोसाइट नाही बरं का, तो हवा असेल तर दुसऱ्या दिवशी परत शेतातच जावं लागेल.