‘गेला का अर्ज?’

संकेतस्थळ कुणाकडून तरी वापरून बघायच्या चाचणीच्या खोलीत बसणाऱ्यांना एकच सूचना असते: मदत करायची नाही. समोरचा माणूस अडला, चुकला, वैतागला, तरी आपण गप्प बसायचं. ही सूचना मी इतरांना कितीतरी वेळा दिली आहे. ती पाळताना काय होतं, ते मात्र मला त्या दिवशी कळलं.

अर्ज होता एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचा. एकच लांब पान, सव्वीस रकाने आणि तळाला ‘अर्ज पाठवा’ हे बटन. मागची बाजू, म्हणजे सर्व्हरवरचं काम, एका सहकाऱ्यानं लिहिली होती. पडद्यावर जे दिसतं ते सगळं माझं. आदल्या रात्री मी लाइटहाउस हे पानं आपोआप तपासणारं साधन चालवलं, तर अ‍ॅक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांनाही पान वापरता येतं का याला, १०० पैकी १०० मिळाले. तो हिरवा गोल मी लगेच टीमच्या ग्रुपवर टाकला. त्या गोलाखाली बारीक अक्षरांत एक मजकूर असतो: अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या फक्त काही चुका यंत्राला आपोआप सापडतात, तेव्हा हातानंही तपासा. तो मजकूर माझ्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेला असेल. मी तो कधी वाचला नव्हता.

तपासायला आले होते ते सर जन्मापासून अंध आहेत. संकेतस्थळं तपासणं हेच त्यांचं काम. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला होता आणि त्यावर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ही प्रणाली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतली. ती फुकट आहे, खुली आहे, कुणीही उतरवून घ्यावी. ती आपल्या यंत्रावर असावी असं मला त्या दिवसापर्यंत एकदाही वाटलं नव्हतं, याची मला खंत आहे.

सरांनी आवाज सुरू केला. त्याचा वेग इतका, की मला एक शब्द उमगेना. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी स्पीच व्ह्यूअर उघडून दिला. आवाज जे बोलतो ते त्या छोट्या खिडकीत ओळीओळीनं उमटतं. त्यानंतर चाचणी संपेपर्यंत मी माझं पान तसं वाचत होते.

पहिल्याच मिनिटाला आवाज अडखळला. इंग्रजी शब्द आले की नीट, मराठी आलं की काही ओळींच्या जागी नुसती शांतता. सरांनी दोन क्षण ऐकलं आणि म्हणाले, ‘‘पानाची भाषा इंग्रजी लावली आहे.’’ खरं होतं. तयार साचा घेतला तेव्हा पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ची किंमत ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, होती आणि ती तशीच राहिली होती. लाइटहाउस एवढंच बघतं की भाषा लिहिली आहे का आणि तो संकेत अस्तित्वात आहे का. आतला मजकूर खरोखर त्या भाषेत आहे का, हे ते बघत नाही. बदलायची होती दोन अक्षरं. सरांनी आवाज हातानं मराठीवर आणला आणि पुढे गेले. ही वेळ त्यांच्यावर रोज येत असावी, असं त्यांच्या बोटांवरून वाटलं.

मग त्यांनी ‘एच’ दाबला. या कळीनं एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो तसं. आवाज म्हणाला, पुढे मथळा नाही. ‘वैयक्तिक माहिती’, ‘शैक्षणिक माहिती’ असे चार ठळक मथळे मला समोर दिसत होते. पण ते मी डिव्हमध्ये, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेल्या कोऱ्या चौकटीत, लिहून सीएसएसनं, म्हणजे रूप ठरवणाऱ्या कोडनं, मोठे केले होते. मोठी अक्षरं कानाला ऐकू येत नाहीत.

नाव, पत्ता, फोन हे रकाने भराभर भरून झाले. जन्मतारखेपाशी बराच वेळ गेला, पण जमलं. आणि मग आला ‘अभ्यासक्रम निवडा’.

या ड्रॉपडाउनवर, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीवर, माझा फार जीव होता. आत शोधायची सोय, प्रत्येक नावापुढे छोटं चिन्ह, उघडताना हलकीशी सावली. सगळं डिव्ह आणि स्पॅन या कोऱ्या घटकांमधून उभं केलेलं, साडेतीनशे ओळींची जावास्क्रिप्ट. टॅबची कळ दाबली तर फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे आहे ती जागा, त्याला ओलांडून थेट पुढच्या रकान्यावर गेला. काहीतरी राहिलं असा सरांना संशय आला असावा. ते बाणाच्या कळीनं एकेक ओळ मागे आले. खिडकीत उमटलं: ‘अभ्यासक्रम निवडा, क्लिकेबल’. रकाना नाही, यादी नाही, बटन नाही. क्लिक करता येईल असं काहीतरी, इतकंच.

त्यांनी एंटर दाबला. पडद्यावर यादी उघडली! मी खुर्चीत पुढे सरकले. आवाज मात्र काहीच बोलला नाही. ती यादी इतर भागांखाली झाकली जाऊ नये म्हणून मी ती डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या पानाच्या रचनेत, अगदी शेवटी जोडत होते. डोळ्यांना ती त्या रकान्याखाली दिसते. कानांसाठी ती सव्वीस रकाने आणि तळाच्या सगळ्या लिंका ओलांडल्यावर येते. सरांनी खालचा बाण दाबला. पुढचा रकाना आला. परत वर, परत एंटर. आता यादी मिटली. परत एंटर, उघडली. त्यांच्या दृष्टीनं दर वेळी काहीच घडत नव्हतं. ‘‘हे नुसतं नाव दिसतंय, बहुतेक आधीच निवडलेलं असेल,’’ असं म्हणून ते पुढे गेले.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी टेबलाची कड धरून बसले.

उरलेलं सगळं त्यांनी भरलं. गुण, वर्षं, मागच्या संस्थेचं नाव, आणि ‘हा अभ्यासक्रम का करायचा आहे’ या रकान्यात विचार करून लिहिलेली सात-आठ वाक्यं. चाचणी असूनही त्यांनी ती मनापासून लिहिली. मग ‘अर्ज पाठवा’वर एंटर.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी आली: ‘कृपया आवश्यक माहिती भरा’. तीन सेकंदांनी गेली. ‘अभ्यासक्रम’भोवती लाल चौकट आली. खोलीत चिडीचूप. स्पीच व्ह्यूअरमध्ये एकही नवी ओळ नाही.

सरांनी थोडं थांबून विचारलं, ‘‘गेला का अर्ज?’’

आम्ही तिघं होतो खोलीत. कुणी बोललं नाही.

त्यांनी पुन्हा एंटर दाबला. पुन्हा पट्टी आली, गेली. असं पाच वेळा. मग ते शांतपणे पानाच्या माथ्यावर गेले आणि पहिल्या रकान्यापासून एकेक तपासत खाली येऊ लागले, कुठे काय चुकलं असेल ते शोधत. निम्म्यावर आले असतील, तेवढ्यात आवाज बोलला: ‘लॉगिन’. वीस मिनिटांची मुदत संपली होती आणि पान आपोआप लॉगिनवर गेलं होतं. ती सात-आठ वाक्यंही गेली.

चाचणी तिथेच थांबवली. मी माफी मागायला लागले, तर सर म्हणाले, ‘‘मला सवय आहे हो. असं झालं की मी घरातल्या कुणाला तरी हाक मारतो. मग माझे गुण, माझं उत्पन्न, मी का शिकतोय, सगळं त्यांना सांगून भरून घ्यावं लागतं. अर्ज होतो. पण तो मला एकट्यानं भरायचा असतो.’’

हे ऐकेपर्यंत माझ्या डोक्यात अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे एक तपासयादी होती.

जेवणानंतर सर थांबायला तयार झाले आणि आम्ही बाजूबाजूला बसून काम सुरू केलं. सुरुवात ड्रॉपडाउनपासून. मी ती साडेतीनशे ओळींची फाइल काढून टाकली आणि तिथे साधा सिलेक्ट, म्हणजे एचटीएमएलमधला यादीचा तयार घटक, ठेवला, लेबल जोडलेला. सरांनी टॅब दाबला आणि आवाज रकान्याचं नाव, तो यादीचा आहे आणि आत्ता काय निवडलं आहे, हे तिन्ही सांगून मोकळा झाला. बाणांनी पर्याय बदलले. पहिलं अक्षर टाइप केलं की त्या नावावर उडी. एस्केपनं यादी मिटली. यातलं काहीही मी लिहिलं नव्हतं. हे सगळं ब्राउझरमध्ये आधीच होतं आणि मी मेहनत करून ते बाजूला सारलं होतं. एरिया म्हणजे कुठला घटक काय आहे ते वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा. त्यांच्या वापराचा पहिला नियम हेच सांगतो: एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तो वापरा, डिव्हला एरियाची लेबलं चिकटवून तसा घटक बनवू नका. मी हा नियम मुलाखतीत उमेदवारांना विचारत आले आहे.

डिझायनर मैत्रिणीला सिलेक्ट पसंत नव्हता. उघडलेली यादी प्रत्येक यंत्रावर वेगळी दिसेल, हा तिचा आक्षेप. तो चुकीचा नाही. पण मिटलेल्या रकान्याची उंची, कड, रंग, बाण हे सगळं सीएसएसनं हवं तसं करता येतं. उघडलेली यादी ज्याच्या त्याच्या यंत्राची असली तर वापरणाऱ्याला ती ओळखीची वाटते, मोबाइलवर तर फारच. सकाळी ती खोलीत होती, त्यामुळे वाद लांबला नाही.

चुका कळवण्याच्या भागावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते फॉर्ममधलं तेच सर्वांत महत्त्वाचं काम आहे. यासाठी ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टीम मला फार उपयोगी पडली. तिची पद्धत अशी: पाठवताना चूक सापडली तर पानाच्या वरच्या भागात चुकांचा सारांश येतो आणि फोकस त्याच्यावर जातो, त्यामुळे आवाज तो लगेच वाचतो. सारांशातली प्रत्येक ओळ ही लिंक असते. एंटर दाबला की थेट त्या रकान्यावर. ब्राउझरच्या टॅबवरच्या शीर्षकातही सुरुवातीला ‘चूक’ हा शब्द जोडायचा. रकान्याशेजारीही तेच वाक्य, एरिया-डिस्क्राइब्डबाय या खुणेनं रकान्याला बांधलेलं, म्हणजे रकान्यासोबत आवाज तेही वाचतो. आणि वाक्य काय करायचं ते सांगणारं हवं. ‘कृपया आवश्यक माहिती भरा’ यातून डोळस माणसालाही काही कळत नाही. आम्ही लिहिलं: ‘अभ्यासक्रम निवडा’. तीन सेकंदांत विरणारी पट्टी मी कायमची काढली. हळू वाचणाऱ्याला, पडदा मोठा करून बघणाऱ्याला, क्षणभर खिडकीबाहेर बघणाऱ्याला, कुणालाच ती पुरत नाही.

मुदतीचा प्रश्न मागची बाजू सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा. सुरक्षेसाठी मुदत हवीच, असं तो म्हणाला. डब्ल्यूसीएजी ही अ‍ॅक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय नियमावली मुदतीला बंदी घालत नाही. मुदत संपण्याआधी सूचना द्या, एका साध्या कृतीनं ती वाढवायला किमान २० सेकंद द्या, आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळू द्या, हा त्यातला एक मान्य मार्ग. २००८ च्या २.० आवृत्तीत हे आहे, २०२३ च्या २.२ मध्येही. आम्ही तो घेतला आणि भरलेला मजकूर मसुदा म्हणून जपायची सोयही केली. सहकाऱ्याला त्यासाठी दोन दिवस लागले. त्यानं तक्रार केली नाही. सात-आठ वाक्यं जाताना त्यानंही पाहिली होती.

मथळे खरे मथळे झाले, भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, झाली. सीएसएसच्या सुरुवातीला मी ‘आउटलाइन: नन’ लिहिलं होतं, त्यामुळे कीबोर्डनं फिरताना आपण कुठे आहोत ते दिसतच नव्हतं, ती ओळ गेली. लाइटहाउसला तीही खटकली नव्हती. २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवेनं शंभराहून अधिक चुका मुद्दाम पेरलेलं एक पान बनवून त्यावर अशी साधनं चालवली, तेव्हा सर्वांत चांगल्या साधनालाही निम्म्यासुद्धा चुका सापडल्या नाहीत. साधनं वाईट नाहीत, मी ती अजूनही रोज चालवते. विसरलेला ऑल्ट, म्हणजे चित्राचं वर्णन, किंवा सुटलेलं लेबल ती हमखास पकडतात. पण आता पान झालं की मी आधी माउस काढून ठेवते आणि नुसत्या टॅबवर सगळं करून बघते. नंतर एनव्हीडीए लावून त्याच्या स्क्रीन कर्टननं पडदा काळा करते आणि काम पुरं करायचा प्रयत्न करते. पहिल्या वेळी मला माझ्याच पानावर नावाचा रकाना सापडायला चार मिनिटं लागली होती.

तीन आठवड्यांनी सर पुन्हा आले. मी पुन्हा गप्प. त्यांनी अभ्यासक्रम मुद्दाम रिकामा सोडला आणि एंटर दाबला. आवाज लगेच बोलला: एक चूक आहे. अभ्यासक्रम निवडा, लिंक. सर मोठ्यानं हसले. ‘‘वा! चूक सांगितली!’’ एंटर, रकाना, पहिलं अक्षर, पुन्हा पाठवा. ‘अर्ज मिळाला’ हा मथळा आणि खाली अर्ज क्रमांक. तो क्रमांक त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि आपल्या टिपणांत उतरवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आता ती जन्मतारीख. तुमच्या कॅलेंडरमध्ये मला एकेक वर्ष करत बेचाळीस वेळा मागे जावं लागलं, मागच्या वेळीही. दिवस, महिना, वर्ष, असे तीन साधे रकाने द्या ना. मला माझी तारीख पाठ आहे, मी टाइप करीन.’’

मी कॅलेंडरची फाइल उघडली.