‘आपोआप’ जुळायला लागलेले चार महिने

प्रथिनाच्या रेणूंपासून अतिसूक्ष्म नळ्या बनवायच्या, हा माझा प्रोजेक्ट. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, “प्रथिन नीट शुद्ध केलंस की नळ्या आपोआप जुळतात.” त्या ‘आपोआप’वर माझा इतका विश्वास बसला की वेळापत्रकात मी त्या टप्प्यासाठी तीन दिवस धरले. लागले चार महिने.

माझं प्रथिन होतं एचसीपी-१. ते मूळचं स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूचं. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळवणारा म्हणून डॉक्टर लोक त्याला चांगले ओळखतात. हा जंतू शेजारच्या जंतूंना चक्क विष टोचतो आणि टोचायच्या त्या यंत्रणेतली नळी एचसीपीच्या कड्यांची असते. सहा सारखे रेणू गोल धरून एक कडं बनतं. बाहेरून साधारण ९ नॅनोमीटर, मधलं भोक ४ नॅनोमीटर, उंची ४.४ नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशी आठेक हजार कडी शेजारी शेजारी मावतील.

स्फटिकात ही कडी एकावर एक रचलेली दिसतात, कासाराच्या दुकानातल्या बांगड्यांसारखी. पाण्यात मात्र ती सुटी सुटी फिरतात. संशोधक जोसेफ मूगस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर साधीच युक्ती काढली. कड्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक अमिनो आम्ल बदलून तिथे सिस्टीन बसवलं. ९० व्या जागचं ग्लायसीन गेलं, १५७ व्या जागचं आर्जिनीन गेलं. सिस्टीनमध्ये गंधक असतं. एका कड्याचं गंधक दुसऱ्याच्या गंधकाजवळ आलं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला, की दोघांत पक्का टाका पडतो. अशा नळ्या त्यांना १०० नॅनोमीटरपर्यंत लांब मिळाल्या, म्हणजे वीसबावीस कडी. मला तेच आमच्या लॅबमध्ये करून पुढे न्यायचं होतं.

जीन बाहेरून बनवून आणला, ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जंतूत घातला, १८ अंशांवर रात्रभर वाढवला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग मी घाबरट शहाणपणा केला. टाके वेळेआधीच पडू नयेत म्हणून बफरमध्ये, म्हणजे प्रथिन ठेवायच्या द्रावणात, सढळ हाताने डीटीटी नावाचं रसायन ओतलं. डीटीटी हे टाके उसवतं. पण ते प्रथिन शुद्ध करायच्या कॉलममधल्या निकेललाही सोडत नाही, हे माझ्या गावीच नव्हतं. निकेलचा निळाशार कॉलम बघता बघता कॉफीच्या रंगाचा झाला. सिनियर दादा फक्त एवढंच म्हणाला, “पहिला कॉलम सगळ्यांचाच जातो.” (त्याचा गेला नव्हता, हे नंतर कळलं.)

दुसऱ्या खेपेला प्रथिन छान शुद्ध मिळालं. आता डीटीटी काढून टाकायचं होतं. डायलिसिसच्या पिशवीत, जिच्यातून फक्त बारीक रेणू बाहेर जातात, प्रथिन भरायचं, ती दोन लिटर बफरमध्ये सोडायची आणि कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून दर काही तासांनी बफर बदलायचा. मग हवेत ठेवून वाट बघायची. जुळणी झाली का, हे बघायला जेल चालवायचा, त्यात रेणू आकारानुसार वेगळे होतात. नळ्या जुळल्या असतील तर टाक्यांनी बांधलेले रेणू जेलमध्ये एकेरी, दुहेरी, तिहेरी अशा पट्ट्यांची शिडी दाखवणार.

माझ्या जेलमध्ये एकच पट्टी. खाली, एकेरी रेणूच्या जागी.

मीठ कमी केलं, वाढवलं. प्रथिन दुप्पट घट्ट केलं, कारण गर्दी असली की कडी एकमेकांना लवकर भेटतात. पीएच बदलला. पिशवी चार दिवस ठेवली, मग आठ. प्रत्येक वेळी तीच एक पट्टी, तशीच ठळक. घरी आईला म्हटलं, बहुतेक मला जमणारं काम नाही हे.

एका दुपारी दादा शेजारी उभा होता आणि मी जेलवर घालायच्या नमुन्यात डाय, म्हणजे रंग, मिसळत होते. त्याने नाक मुरडलं. “वास कसला येतोय?” डायला नेहमीच यायचा तसाच, सडक्या अंड्यांचा. बीएमईचा, म्हणजे बीटा-मर्काप्टोइथेनॉल या रसायनाचा. लॅबच्या सगळ्यांसाठी केलेल्या त्या डायमध्ये बीएमई असतंच आणि त्याचं कामच मुळी गंधकाचे टाके तोडणं. पार्लरमध्ये केस कुरळे करताना जो उग्र वास येतो, तो त्याच्याच जातभाईचा. केसांतले असलेच टाके तिथे सोडवून पुन्हा घालतात. म्हणजे नळ्या जुळत होत्या की नाही, देव जाणे. पण जुळत असतील तर त्या बघण्याआधी मीच त्यांचे तुकडे करत होते, दोन महिने!

त्याच संध्याकाळी बीएमईशिवाय डाय बनवला. फ्रीजमधला जुना नमुना घेतला, नवा केलासुद्धा नाही. जेल धुतला तर शिडी. पाच पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या, वरचं सगळं धुरकट. मी जेलचे इतके फोटो काढले की फोन भरला.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा स्लॉट तीन आठवड्यांनी मिळाला. नमुना ठेवायच्या पहिल्या जाळीवर काळे ठिपकेच ठिपके, कारण नमुन्याला रंग द्यायचं युरेनिल अ‍ॅसिटेट गाळून घेतलं नव्हतं. दुसऱ्या जाळीवर ती दिसली. सपाट पडलेली कडी म्हणजे मध्ये भोक असलेले बारीक गोल, आणि त्यांच्यात आडव्या पडलेल्या पट्टेरी कांड्या. बहुतेक चारपाच कड्यांच्या आखूड, क्वचित एखादी लांब. ऑपरेटर काकांना रोज असलंच काहीतरी दिसत असणार, ते मोबाइल बघत बसले होते.

आत्याने विचारलं, याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो अजून लॅबच्या उंबऱ्याच्या आतच आहे. नळीच्या दोन्ही तोंडांना एकाच बाजूला सिस्टीन असलेली कडी बसवली तर नळी तिथेच थांबते, आणि त्या कड्यांचं भोक बुजवलेलं असेल तर झाकणं लागून आत औषध ठेवायची डबी होते. तंबाखूच्या मोझेक विषाणूची नळीही ४ नॅनोमीटर भोकाची, तिच्यात निकेल आणि कोबाल्टच्या तारा वाढवून झाल्यात. जपानमध्ये ताकुझो आयदांच्या गटाने ग्रोईएल या पिंपासारख्या प्रथिनाच्या अशा नळ्या केल्या, ज्या एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मिळालं की सुटतात. पेशीत एटीपी भरपूर, बाहेर नगण्य, म्हणून ती कल्पना मला सगळ्यांत आवडते.

माझ्या नळ्यांचं कुलूप वेगळं आहे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचा छोटा गंधकवाला रेणू असतो, १ ते १० मिलिमोलर. रक्तात ते त्याच्या कितीतरी पटींनी कमी. तेही हेच टाके सोडवतं, बीएमईसारखंच, फक्त वासाशिवाय. म्हणून सध्या सहा ट्यूबांत ग्लुटाथायोन वाढत्या प्रमाणात घालून ठेवलंय आणि शिडी कुठे मोडते ते बघतेय. डायची बाटली माझी स्वतःची आहे. तिच्यावर लाल मार्करने लिहिलंय: बीएमई नाही, हात लावू नये.